लाल दिव्याचें अनुमान

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशीं आहेत, आणि चार-सहा महिने तिकडे राहून येण्याचा योग आतां घरोघरीं येतो. प्रस्तुत लेखकाचा मुलगा इंग्लंडांत असतो. त्यानें एक जुनी ‘कॅम्पर व्हॅन’ घेतली आहे. म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच. आंत निजण्याचे बांक, गॅसची शेगडी, पाण्याचें टांकें, सर्व कांहीं. फोक्सवॅगनची पेटीसारखी गाडी 1950 सालीं निघाली व 1951 पासून वेस्टफालिया नांवाच्या कारखान्यानें तींत संसार थाटून देण्यास आरंभ केला, तेव्हांपासून ह्या फिरत्या बिऱ्हाडाचें वेड पसरलें. आमची गाडी कोणत्या घराण्यांतली हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वय तिसाच्या पुढें आहे एवढें पुरे.

2023 च्या जूनमध्यें आम्ही सहकुटुंब अँबलसाइड गांवीं होतों. दुसऱ्या दिवशीं हार्डनॉटचा घाट ओलांडून एस्कडेलला जावयाचें होतें. ह्या घाटाचा चढ कांहीं ठिकाणीं तीन फुटांस एक फूट आहे. त्याच संध्याकाळीं गांवांत शिरतांना ब्रेकचा लाल दिवा लागला. वळणावर लागे, उतारावर लागे, आणि सपाटीवर विझे.

गाडीची पोथी मीं आठवडाभर वाचीत होतों. मुलाला सवड नव्हती, आणि मला दुसरा उद्योग नव्हता. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करतात, कारण अग्नीवांचून धूर नसतो. ह्या दिव्याचें तसें नाहीं. हॅण्डब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, आणि ब्रेक ऑइल कमी झालें तरी लागतो. कांहीं गाड्यांत पॅड झिजल्यावरही लागतो. एका हेतूला इतकीं साध्यें असलीं म्हणजे एकेक वगळीत जावें लागतें.

हॅण्डब्रेक ओढून सोडून पाहिला. त्याची कळ ठीक होती. शिवाय कळ सैल असती तर दिवा खड्ड्यांवर लुकलुकला असता, वळणावरच कां? वळणावर व उतारावर हलतें तें द्रव. ऑइलची बाटली पाहिली, तों पातळी खालच्या रेषेच्याही खालीं!

मुलगा नवा डबा घेऊनच आला. “अण्णा, एवढें ओततों, सकाळीं निघूं. एस्कडेलच्या जागेचे पैसे भरलेले आहेत, ते परत मिळायचे नाहींत.”

“ओत हवें तर,” मीं म्हटलें, “पण अगोदरचें गेलें कोठें?”

इंजिनांतलें तेल थोडेंफार जळतें. ब्रेकचें जळत नाहीं. तें बंद नळ्यांतून पायाचा दाब चाकांपर्यंत पोंचवितें. पॅड झिजले कीं आंतले दट्टे पुढें सरकतात व पातळी हळूहळू उतरते. नाहींतर कोठें तरी गळती असते. पहिलें निरुपद्रवी, दुसरें प्राणघातक, आणि बाटली भरली कीं दोन्हींचा दिवा सारखाच विझतो. जुन्या ऑइलाचा आणखी एक दोष असा कीं तें हवेंतील ओलावा शोषतें. डॉट 4 प्रतीचें नवें ऑइल 230 अंशांखालीं उकळूं नये असा दंडक आहे. ओलावलेल्यासाठीं तीच मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापून तें उकळलें, तर वाफ दबते आणि पाय तळाला जातो.

पुढचे पॅड विजेरीनें पाहिले. चांगले जाड होते. म्हणजे एक शंका मिटली व दुसरी बळावली. मुलगा रस्त्यावर पाठ टेकून गाडीखालीं शिरला. मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या अंगास, टायरवर, ओला ओघळ होता. दोन दिवस पाऊस नव्हता. बोट लावलें तों बुळबुळीत. ड्रममधल्या सिलिंडरचें रबर गेलें होतें. त्या चाकाच्या वरच बांकावर नात झोंपत असे.

मुलगा बाहेर आला आणि कांहीं न बोलतां त्यानें डबा झांकणासह ठेवून दिला. सकाळीं गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून मिस्त्रीकडे नेली. त्यानें मागचे दोन्ही सिलिंडर व लायनर बदलले, कारण ऑइल चढलेले लायनर पकड धरीत नाहींत. सगळें ऑइल काढून नवें भरलें व नळ्यांतली हवा काढली. त्याला तीन दिवस लागले. तितके दिवस आम्ही अँबलसाइडच्या एका लहानशा खोलींत पाऊस पाहत बसलों, आणि एस्कडेल राहिलें तें राहिलेंच. आमच्या कुटुंबानें त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाहीं.