वाऱ्याचा अडसर आणि तीनचाकीचा वेग

वेग वाढवायचा म्हणजे इंजिन मोठे बसवायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गाडी सावकाश चालते आहे तोवर ती बरीचशी खरीही असते; कारण तेव्हा इंजिनाला मुख्यत्वे गाडीचे वजन आणि चाकांचे घर्षण यांच्याशीच झगडायचे असते. पण वेग जसजसा चढतो तसतसा एक नवाच प्रतिपक्षी पुढे उभा राहतो. तो म्हणजे हवा. म्हसळ्याच्या माणसाला वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सायकलीचे पायडल जड होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र वारा पडलेला असला तरी धावणारी गाडी आपल्यापुरता समोरचा वारा स्वतःच निर्माण करते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तीनचाकी मोटारसायकल विक्रमी वेगाने पळवायची, तर या वाऱ्याची वाट कशी लावायची, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आपल्याकडे तीनचाकी म्हटले की रिक्षाच डोळ्यांपुढे येते. माणसाने माणसाला ओढू नये, या विचाराने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याचे नवलमल फिरोदिया यांनी ती प्रचारात आणण्यासाठी खटपट केली. तिचा मूळ इटालियन अवतार, १९४८ सालची ‘आपे’, कोरादिनो दास्कानियो यांच्या कल्पनेतून उतरला. हे गृहस्थ मुळात हेलिकॉप्टरे बांधणारे विमानशास्त्रज्ञ! पण ओझे आणि उतारू स्वस्तात वाहणे हेच त्या गाडीचे काम असल्यामुळे तिच्या आकारात वाऱ्याची फारशी पर्वा केलेली नाही, आणि ते योग्यच होते. तरीही हौसेला मोल नसते. १३ मे २०१९ रोजी इंग्लंडमधील एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर मॅट एव्हरार्ड यांनी १९७१ सालची एक जुनी टुकटुक ताशी ११९.५८३ किलोमीटर वेगाने पळवून जागतिक विक्रम नोंदवला.

आता थोडा हिशेब करू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. रिक्षेचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर आणि तिच्या आकाराचा रोधगुणांक ०.५ असा नुसता हिशेबापुरता धरला, तर ताशी ५० किलोमीटरला केवळ हवेसाठी सुमारे सव्वादोन अश्वशक्ती खर्च होते. वेग दुप्पट करून १०० वर नेला की हाच खर्च आठपट होऊन सतरा अश्वशक्तींच्या पलीकडे जातो. उलट तेवढ्याच शक्तीत गुणांक निम्म्यावर आणता आला, तर चाकांचे घर्षण बाजूला ठेवल्यास वेग १२६ पर्यंत चढू शकेल. जे काम दुप्पट इंजिनाने व्हावे ते पत्रा योग्य रीतीने वाकवून होते.

पण योग्य रीत कोणती? पुढचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार केले की झाले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः घोटाळा पुढे नसून मागे असतो. सुरमईकडे पाहावे. तिचे तोंड सुईसारखे नाही. पण मागचे अंग हळूहळू निमुळते होत गेले आहे. हवा दुभंगणे सोपे असते, ती पुन्हा मिटवणे अवघड. गाडीची पाठ एकदम तुटलेली असली की मागे भोवरे माजतात, तेथील दाब उतरतो आणि गाडी जणू मागे खेचली जाते. म्हणून विक्रमाच्या गाडीला लांब, निमुळती शेपटी देतात. तिचा उतार साधारणपणे दहा-पंधरा अंशांपेक्षा तीव्र झाला, तर हवा पृष्ठभाग सोडून देते. शेपटी फार लांबू द्यायची नसेल, तर ती काही अंतरावर स्वच्छ कापून टाकली तरी बहुतेक लाभ पदरात पडतो, हे जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

बाकीच्या सुधारणा याच तत्त्वातून निघतात. चालकाला जवळजवळ आडवे बसवावे, म्हणजे समोरचे क्षेत्रफळ घटते. चाके झाकावीत, कारण फिरत्या चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने वाऱ्यावर चालून जात असतो. गाडीचे पोट सपाट करावे. उघड्या गोल नळ्यांवर निमुळती आवरणे चढवावीत. एवढे झाल्यावर अंगभर लोकरीचे तुकडे चिकटवून गाडी पळवावी. जेथे लोकर अंगालगत निजते तेथे हवा सरळ वाहते. जेथे ती फडफडते तेथे भोवरा आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, फक्त डोळे लागतात.

मात्र येथेच एक धोका दबा धरून बसलेला असतो. गुळगुळीत अंगावर बाजूचा वारा आदळला, तर त्याचा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे पडण्याचा संभव असतो. मग नाक वाऱ्याबरोबर वळते आणि गाडी आडवी होते. शिवाय पुढे एकच चाक असेल आणि वाऱ्याने नाक किंचित उचलले, तर सुकाणूच हलके पडते. क्रेग ब्रीडलव्ह या अमेरिकन चालकाला याचा प्रत्यय आला. ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ ही त्याची जेट इंजिनाची तीनचाकी १९६२ साली सरळ धावेना. पुढच्या वर्षी तिला मागे उंच पंख बसवला आणि पुढचे चाक वळते केले. बाणाला पिसे लावतात, तोच हा न्याय. ५ ऑगस्ट १९६३ रोजी बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिने ताशी ४०७ मैल, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटर, वेग गाठला. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चार चाके नाहीत म्हणून तिला नाकारले. मोटारसायकलींच्या संघटनेने तीनचाकी म्हणून तिचा विक्रम मान्य केला. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी तीच गाडी ५२६ मैलांवर गेली. पण वेग आवरणाऱ्या हवाई छत्र्या तुटल्या आणि ती खाऱ्या पाण्याच्या डबक्यात जाऊन बुडाली. ब्रीडलव्ह सुदैवाने वाचला.

तात्पर्य असे की, वेगाचा साधक आधी स्थैर्य साधतो, मग रोध कमी करतो आणि इंजिनाला अगदी शेवटी हात घालतो. आपल्याकडील हौशी कारागिरांचा क्रम बहुधा याच्या उलट असतो. रायगड जिल्ह्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर उतारूंनी भरलेली तीनचाकी वळणावरच जोराने ब्रेक लावताच कशी कलंडू पाहते, हे येथील चालकांना सांगायला नको. तिच्या तीन चाकांचा त्रिकोण पुढे चिंचोळा असतो आणि गुरुत्वमध्य त्याच्या कडेबाहेर जायला फार वेळ लागत नाही. अशा गाडीत केवळ इंजिन वाढवणे म्हणजे दोर न तपासता विहिरीत उतरणे होय. विक्रमाची हौस बंद धावपट्टीवर, रिकाम्या गाडीने आणि पडलेल्या वाऱ्यात भागवावी. रस्त्यावरच्या तीनचाकीने त्या शास्त्रातून दोनच गोष्टी घ्याव्यात: टपावरचे ओझे खाली आणावे आणि फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधावी. त्याने विक्रम होणार नाही. पण इंधन थोडे वाचेल आणि, त्याहून मोलाचे म्हणजे, गाडीतली माणसे सुखरूप घरी पोचतील.