रसशाळेची दिशाव्यवस्था

रसशाळा म्हणजे केवळ भट्टी आणि खल नव्हे. सुमारे तेराव्या शतकातील 'रसरत्नसमुच्चया'त रसाचार्यांच्या कर्मशाळेची दिशावार आखणी दिली आहे. पूर्वेस रसभैरवाची स्थापना, आग्नेयेस अग्निकर्म, दक्षिणेस पाषाणकर्म, नैर्ऋत्येस शस्त्रकर्म, पश्चिमेस प्रक्षालन, वायव्येस शोषण, उत्तरेस वेधकर्म आणि ईशान्येस सिद्ध द्रव्यांची साठवण.

या मांडणीत श्रद्धा आहे, तसाच व्यवहारही आम्हांस दिसतो. प्रक्षालनाच्या शेजारीच शोषण आहे. सिद्ध द्रव्यांच्या लगत मात्र ना भट्टी आहे, ना खल, ना पाणी. कच्चे आणि सिद्ध यांची सरमिसळ होऊ नये, हा त्यातील विवेक होय.

भस्माच्या परीक्षाही तितक्याच कठोर. ते पाण्यावर तरले पाहिजे, बोटांच्या रेषांत भरले पाहिजे. गूळ, गुंज, टंकण, मध व तूप यांसह तापविले असता धातू पुन्हा प्रकट होता कामा नये.

सन २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले. अशा वेळी केवळ परंपरेचा दाखला पुरेसा ठरत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीही हवी. सन २००० मध्ये आलेल्या 'अनुसूची टी'ने कच्चा माल, निर्मिती व तयार औषधे यांसाठी स्वतंत्र जागा मागितली. औषधनिर्मात्यांनी ते परके ओझे मानू नये. आपल्याच आचार्यांची ती शिस्त आहे, आणि तिच्यावर रुग्णाचा विश्वास उभा आहे.