डोंगर चढणारे उंचवटे

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर विंटर पार्क हे स्कीइंगचे जुने केंद्र आहे. १९४० साली ते सुरू झाले आणि १९७५ च्या हिवाळ्यात शेजारचा मेरी जेन हा डोंगर त्यास जोडण्यात आला. या दुसऱ्या डोंगराची ख्याती काहीशी विचित्र आहे. तेथील अनेक उतार यंत्राने सपाट केले जात नाहीत. त्यांच्यावर कमरेएवढे हिमाचे उंचवटे ओळीने उभे असतात आणि त्यांवरून उतरण्यासाठीच जाणकार मंडळी तेथे येतात. ‘नो पेन, नो जेन’ हे तेथील घोषवाक्य गुडघ्यांच्या अनुभवातूनच जन्मले असावे.

या उंचवट्यांना ‘मोगल’ म्हणतात. दिल्लीच्या मोगलांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. ऑस्ट्रिया व बव्हेरियाच्या बोलीत लहान टेकाडास ‘मुगेल’ असा शब्द आहे; त्यावरून हे नाव आले असे मानले जाते.

मोगल कोणी मुद्दाम रचत नाही. उतारावरून येणारा पहिला मनुष्य वेग आवरण्यासाठी वळण घेतो, तेव्हा त्याच्या स्कीच्या कडेने थोडे हिम खरवडले जाऊन बाजूस साचते. मागून येणाऱ्यास त्या ढिगाला वळसा घालणे सोयीचे वाटते. तिसराही त्याच जागी वळतो. रानातली पायवाट जशी चालणाऱ्यांच्या पायांनीच पडते, तसे हे ढीग आणि त्यांमधील घळी चारसहा दिवसांत ठसठशीत होतात. दुरून पाहिले तर बुद्धिबळाच्या पटासारखी नियमित रचना दिसते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हे उंचवटे हळूहळू डोंगर चढतात. डेव्हिड बार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरी जेनच्या एका उतारावर संपूर्ण हंगामभर ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली आणि २००९ साली ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. मोगल दिवसाला सुमारे ८ सेंटीमीटर वर सरकत होते. हंगामाच्या अखेरीस हे अंतर सुमारे १० मीटर भरले. कारण साधे आहे. स्कीपटू उंचवट्याच्या खालच्या अंगाचे हिम खरवडतो आणि ते घसरून पुढच्या उंचवट्याच्या वरच्या अंगावर पडते. प्रत्येक ढिगाची खालची बाजू झिजते, वरची भरत जाते. माल सतत खाली जातो आणि ढीग मात्र वर चढतो. हिशेब लिहिणाऱ्यास कोडे वाटावे, पण जमाखर्च बरोबर जुळतो.

शेजारच्या सपाट उताराची कथा निराळी. रणगाड्यासारखे पट्टे असलेली यंत्रे रात्रभर त्यावर फिरतात. मागील दातेरी रूळ हिम दळून काढतो, तर त्यामागची कंगव्यासारखी पट्टी त्यावर बारीक रेघा उमटवते. सकाळी तो उतार कॉर्डरॉय कापडाच्या ताग्यासारखा दिसतो. दळलेले हिमकण एकमेकांना चिकटून घट्ट होण्यास काही तास लागतात, म्हणून हे काम रात्री उरकावे लागते. फार तीव्र उतारावर यंत्र वरच्या बाजूस तारेने बांधून चालवावे लागते, अर्थातच खर्च वाढतो. कोणता उतार दळायचा आणि कोणता सोडायचा, हा व्यवस्थापनापुढे रोजचाच प्रश्न असतो. काही ठिकाणी अर्धा उतार सपाट व अर्धा मोगलांचा ठेवून दोन्ही गिऱ्हाइके सांभाळली जातात.

मग बरे कोणते? नवख्यांमध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रतिष्ठेवर ठरते, आणि तेथेच गुडघे दुखावतात. अनुभवी माणूस आधी पायाखालचे हिम पाहतो.

रात्री थंडी पडून आदल्या दिवशीचे ओलसर हिम गोठले असेल, तर सकाळी प्रत्येक मोगल दगड झालेला असतो. घळींच्या तळाशी तर काचेसारखा बर्फच उघडा पडतो. अशा वेळी सपाट उतारच बरा. स्कीच्या कडा नीट धार लावलेल्या असल्या की तेथे पकड मिळते. वीतभर ताजे हिम पडले की चित्र पालटते. घळी भरतात, उंचवटे मऊ होतात आणि मोगलांवर उतरण्यात तासदोन तास अपूर्व आनंद मिळतो. मात्र त्या मऊ थराखाली जुना टणक उंचवटा दडलेला असू शकतो. कडाक्याच्या थंडीत, म्हणजे उणे २० अंशांच्या आसपास, हिम वाळूसारखे घासते, कारण स्कीखाली तयार होणारा पाण्याचा सूक्ष्म थर तेव्हा पुरेसा बनत नाही. आभाळ भरून आले आणि सावल्या नाहीशा झाल्या की मोगल दिसतच नाहीत. तेव्हा जाणते लोक झाडीच्या कडेने जाणारा उतार धरतात. झाडांमुळे निदान चढउतारांचा अंदाज येतो.

वसंतात मोगलांना खरा बहर येतो. रात्री गोठलेले हिम सूर्य वर येताच वरून सुटू लागते आणि जाड्या रव्यासारखे होते. पूर्वेकडचा उतार आधी सैलावतो, पश्चिमेकडचा दुपारनंतर. त्या रवाळ हिमावर स्की अलगद वळते, गुडघ्यांना हादरा कमी बसतो. घाई केली तर दगड, उशीर केला तर चिखल. मधला तासदीड तास ज्यास साधला, त्यास साठीतही मोगलांवर उतरता येते.

सपाट उतार निर्धोक असतो हाही गैरसमजच. तेथे वेग नकळत वाढतो आणि वेगातली पडझड जड जाते. जागतिक स्पर्धांसाठी तर धावपट्टीत पाणी सोडून ती बर्फासारखी कडक करतात, जेणेकरून तिसाव्या स्पर्धकासही पहिल्यासारखाच पृष्ठभाग मिळावा. मोगलांवर वेग कमी, पण प्रत्येक उंचवट्यावर गुडघे छातीकडे दुमडावे आणि घळीत पुन्हा लांब करावे लागतात. धड स्थिर ठेवून पायांनी सारे धक्के पचवणे, हीच त्या खेळाची विद्या.

१९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये मोगल प्रथमच पदकाच्या खेळांत आले. फ्रान्सचा एडगार ग्रोस्पिरों आणि अमेरिकेची डॉना वाइनब्रेक्ट हे तेथील सुवर्णपदकविजेते. या खेळात ६० टक्के गुण वळणांना, २० उड्यांना आणि अवघे २० वेगास असतात. केवळ लवकर पोहोचून भागत नाही, ही तरतूद फार शहाणपणाची आहे. गंमत एवढीच की स्पर्धेतील मोगल साधारण साडेतीन मीटरच्या अंतराने मापून, यंत्राच्या मदतीने घडवलेले असतात.

स्वित्झर्लंडच्या सहलीत दोन दिवस स्की शिकू पाहणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सकाळचा सपाट उतार दुपारी तीनपर्यंत सपाट राहत नाही. शेकडो लोकांनी खरवडलेले हिम जागोजागी साचते, मध्ये गुळगुळीत पट्टे उघडे पडतात आणि नेमके तेव्हाच पाय थकलेले असतात. सकाळी हसतखेळत उतरलेल्या वाटेवर संध्याकाळी पाय मुरगळतो. ‘आता शेवटची एक फेरी’ म्हणण्याआधी मुलांचे पाय पाहावेत. पाळण्याने खाली येण्याची सोय असेल, तर त्यात बसून खाली यावे.

चारच्या सुमारास पाळणे थांबतात. अंधार पडला की दिवे लावून यंत्रे वर निघतात आणि दिवसभर साचलेले ढीग दळू लागतात.