स्टिकर निघतो, चिकटा राहतो

आजचा विषय किरकोळ वाटेल. मोटरसायकलवरचा जुना स्टिकर आणि त्याच्यामागे राहणारा चिकटा कसा काढायचा, एवढाच. पण याच कामात टाकीचा रंग जातो, हेल्मेट आतून कमकुवत होतं, आणि चुकीच्या जागी तेल सांडलं तर ब्रेकही धरत नाही. म्हणून आज आधी कारण बघू, मग कृती.

आपल्याकडे, म्हणजे पेण-रोह्याकडे, गाडी कशी राहते ते आठवा. दिवा-रोहा गाडीनं कामाला जाणारा माणूस सकाळी स्टेशनाजवळ मोटरसायकल लावतो आणि ती संध्याकाळपर्यंत उन्हात तापते. त्यानंतर चार महिने कोकणातला पाऊस. शोरूमचा स्टिकर, मंडळाचा स्टिकर, आधीच्या मालकाच्या मुलाचं नाव, सगळं तीन-चार वर्षं असंच उन्हापावसात राहतं. मग गाडी विकायची वेळ येते आणि आपण नखानं खरवडायला बसतो. स्टिकर तुकड्यातुकड्यानं निघतो, खाली काळपट चिकटा उरतो आणि त्यावर धूळ बसते.

असं का होतं? स्टिकरला दोन थर असतात, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली गोंद. हा गोंद वाळून घट्ट होणारा नव्हे. तो कायम अर्धवट मऊ असतो आणि नुसत्या दाबानं चिकटतो. उन्हानं वरच्या पापुद्र्यातला मऊपणा आणणारा अंश निघून जातो, पापुद्रा ठिसूळ होतो. गोंदही जुना होऊन कडक पडतो. मग ओढलं की पापुद्रा तुटतो आणि गोंद गाडीवरच राहतो. म्हणजे आपली ताकद कमी पडत नाही; गोंद मऊ करायच्या आधीच आपण ती लावतो.

ही अडचण गाड्यांच्या धंद्यात जुनीच आहे. अमेरिकेत १९२० च्या सुमारास दोन रंगांच्या मोटारींची हौस आली होती. एक रंग देताना दुसरा झाकायला कारागीर कागद चिकटवत, आणि तो काढताना ताजा रंगच सोलून यायचा. हे पाहून थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. धरायचं, पण सोडताना रंग न्यायचा नाही, हे तिचं काम. आपल्या जुन्या स्टिकरला हे शहाणपण नाही, ते आपण आणायचं.

आता कृती. पहिली गोष्ट, स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. कड हाताला लागली तर स्टिकर वर आहे, निघेल. कडच लागत नसेल तर ते चित्र पारदर्शक लॅकरच्या खाली आहे. बऱ्याच गाड्यांच्या टाकीवरची कंपनीची पट्टी अशीच असते. ती काढायला गेलात तर रंग जाईल. तिला हात लावू नका.

दुसरी गोष्ट, गाडी साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या. धूळ राहिली तर तीच पॉलिशपेपरसारखी घासते.

तिसरी गोष्ट, ऊब. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं स्टिकरवर धरा, किंवा हेअर ड्रायर थोडा लांबून फिरवा. हात टेकवून सोसेल इतकीच ऊब पुरे. जास्त तापवलं तर गोंद इतका पातळ होतो की पापुद्रा हातात येतो आणि गोंद खालीच राहतो. टाकीजवळ मेणबत्ती, लायटर, हीट गन यातलं काहीही नको. झाकण बंद असलं तरी नको.

चौथी गोष्ट, एक कोपरा उचला आणि स्टिकर त्याच्याच अंगावर उलटा दुमडून सावकाश, एकसारखा ओढा. सरळ वर उपटला तर सगळा जोर रंगावर येतो. कोपरा उचलायला जुनं एटीएम कार्ड चालतं. ब्लेड, पटाशी, तारेची घासणी नको.

राहिलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल लावा आणि वीस मिनिटं विसरून जा. तेल गोंदात मुरतं, गोंद फुगतो, त्याची पकड सुटते. मग बोटानं चोळलं की त्याच्या वळकट्या होतात. एवढ्यानं नाही भागलं तर रॉकेलचा किंवा मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटचा बोळा घ्या. मात्र आधी सीटखाली, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. बोळ्याला गाडीचा रंग लागला तर तिथेच थांबा. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग अनेकदा थिनरनं पुन्हा विरघळतो. मॅट रंगाच्या टाकीवर जोरात घासू नका, पॉलिशही लावू नका. तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही.

इथे लोक विचारतात, पेट्रोल का नको, ते तर टाकीतच आहे! पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि पडवीतल्या देवघराच्या दिव्यापर्यंत पोचते. रॉकेल आणि स्पिरिटसुद्धा उघड्या हवेत, थंड इंजिनावरच वापरा. आणखी एक. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक वसाहतीत काम करणाऱ्यांना माहीत आहे की नाव नसलेल्या ड्रमला हात लावायचा नसतो. घरातल्या बिननावाच्या बाटलीलाही तोच नियम.

तीन जागा वेगळ्या समजा. हेल्मेटवर पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन कधीही लावू नका. त्याचं कवच प्लास्टिकचं असेल तर ते आतून कमकुवत होतं आणि वरून काहीच दिसत नाही. कळतं ते पडल्यावर. तिथे फक्त कोमट पाणी आणि साबण, जेवढं निघेल तेवढं. हेडलाइटच्या काचेला, वायझरलाही हेच. दुसरी जागा ब्रेकची डिस्क. काम सुरू करण्याआधी चाकावर प्लास्टिकची पिशवी बांधा. डिस्कवर किंवा टायरवर तेल गेलं तर हायवेवर पहिल्या ब्रेकला गाडी तुमचं ऐकणार नाही. तिसरी जागा नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागून येते. तिच्यावर होलोग्राम आणि अक्षरांवर खास फिल्म असते. तिथे रसायन आणि खरवडणं दोन्ही नको.

शेवटी साबणानं सगळं तेल धुवा. कधी चिकटा पूर्ण गेला तरी स्टिकरचा आकार दिसतच राहतो. तो गोंद नाही. आजूबाजूचा रंग उन्हानं उतरलाय आणि स्टिकरखालचा तसाच राहिलाय. चकचकीत रंगावर पॉलिशनं तो थोडा पुसट होईल, पण घासून जाणार नाही. जो माणूस तो गोंदच समजून घासत राहतो, तोच शेवटी लॅकर काढून पत्र्यापर्यंत पोचतो, आणि आपल्या पावसात उघड्या पत्र्याला गंज धरायला वेळ लागत नाही. तो आकार दिसू लागला की फडकं खाली ठेवा. काम झालेलं असतं.