ऐकू आलेली हॅना, दिसलेली हॅना

जे ॲशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही कादंबरी 2007 मध्ये अमेरिकेत आली आणि किशोरवयीन वाचकांनी ती डोक्यावर घेतली. हॅना बेकर या शाळकरी मुलीने आत्महत्या केली आहे. मागे उरल्या आहेत सात कॅसेट. तेरा बाजूंवर तिचा आवाज, चौदावी कोरी. जवळजवळ प्रत्येक बाजू तिला दुखावणाऱ्या कुणाला तरी उद्देशून आहे. त्या क्ले जेन्सनच्या दारात येतात आणि तो एका रात्रीत साऱ्या ऐकतो.

ही एक रात्र हाच कादंबरीचा कणा आहे. हॅनाचं एक वाक्य, लगेच क्लेच्या मनातलं उत्तर, अशी मजकुराची वीण. तो कळवळून बोलतो, पण ते तिच्यापर्यंत पोहोचणं आता शक्य नाही. पुस्तकातला खरा अंधार हा आहे.

नेटफ्लिक्सची मालिका मार्च 2017 मध्ये आली. तेरा भाग भरायचे, म्हणून त्या रात्रीचे कितीतरी दिवस झाले. क्ले एक बाजू ऐकतो, थांबतो, एकेकाला जाब विचारत फिरतो. हा पुढचं का ऐकत नाही, याचं पटणारं कारण मिळत नाही. कादंबरीतली घुसमट इथेच विरते.

एका बाबतीत मात्र मालिका सरस आहे. पुस्तकात जवळजवळ नसलेले हॅनाचे आईवडील इथे ठसठशीत आहेत. केट वॉल्श यांनी रंगवलेली आई लेकीच्या मृत्यूचं कारण शोधत राहते, आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं ते कळतं. ॲशर यांच्या पुस्तकात ही बाजू हवी होती, असं मला फार वाटतं.

पण मालिकेने हॅनाचा मृत्यूही पडद्यावर सविस्तर दाखवला. पुस्तक आपल्याला तिथे नेत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी कडाडून आक्षेप घेतला. न्यूझीलंडने 18 वर्षांखालच्यांनी मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावी, असं नवं वर्गीकरण केलं. जुलै 2019 मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढलं. दोन वर्षं उशीर झाला होता. आत्महत्येचा मार्ग तपशिलात दाखवला की खचलेल्या मुलांचा धोका वाढतो, हे तज्ज्ञ आधीपासून सांगत होते.

मूळ दोष दोन्हीकडे सारखाच आहे. मेल्यावरही हॅना बोलते, सगळ्यांना धडा शिकवते; म्हणजे मृत्यू हे जणू परिणामकारक उत्तर ठरतं. खऱ्या आयुष्यात तो परिणाम पाहायला आपण नसतो. शिवाय नैराश्याच्या आजाराबद्दल दोन्ही कृती फारसं बोलत नाहीत.

निवडायचंच तर पुस्तक निवडा. घरातल्या मुलाने ते हाती घेतलं तर हिसकावू नका. स्वतःही वाचा आणि त्याच्याशी बोला. तो किंवा तुम्ही खचला असाल, तर सरकारची ‘टेली मानस’ ही 14416 क्रमांकाची मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.