पाळीव कुत्र्यांच्या अंगावरील गाठी

घरात दहा-अकरा वर्षे वावरलेला कुत्रा कुटुंबाचाच एक घटक होऊन बसतो. सायंकाळी त्याच्या अंगावरून सहज हात फिरत असता, एखाद्या दिवशी बरगडीपाशी बोटांना काहीतरी निराळे लागते. कातडीखाली सुपारीएवढी, मऊ, इकडेतिकडे सरकणारी गाठ असते. दाबली तरी कुत्रा कण्हत नाही. त्याचे खाणेपिणेही पूर्ववत चालू असते. त्या क्षणापासून घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ही चरबीची गाठ. म्हातारपणी अशा गाठी यावयाच्याच. दुसऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते आणि ती गाठ आजच्या आज कापून टाकावी असे त्याला वाटू लागते. परंतु गाठ कशाची आहे हे ठाऊक नसताना, या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे ठरले तर तो निव्वळ योगायोग होय.

गाठ हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. गरम आणि दुखरे गळू, मुका मार लागून साकळलेले रक्त, त्वचेतील ग्रंथीचे तोंड बुजल्याने झालेली पुटी, साधी चामखीळ, या साऱ्यांना आपण गाठच म्हणतो. रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीडदेखील दाट केसांत गाठीसारखाच हाताला लागतो.

वयस्क कुत्र्यांत वारंवार आढळणारी गाठ मात्र खरोखरीच चरबीची असते. तिला मेदार्बुद किंवा लायपोमा म्हणतात. मेदपेशींची वाढ एके ठिकाणी होऊन ती बनते. छाती, पोट, काख या जागी ती विशेष दिसते. लॅब्रॉडॉर व डॉबरमन जातींत आणि लठ्ठ कुत्र्यांत तिचे प्रमाण अधिक असते. ती सावकाश वाढते आणि शरीरात अन्यत्र पसरत नाही. कित्येक कुत्री अशा चार-पाच गाठी अंगावर वागवीत सुखाने आयुष्य पुरे करतात. कुत्र्याचा आहार कमी केल्याने असलेली गाठ सहसा विरत नाही. मात्र पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर हलक्या अंगाच्या कुत्र्याला भूल देणे अधिक सुरक्षित असते.

येथवरचे वर्णन ऐकून कोणालाही हायसे वाटेल. आणि नेमका तेथेच धोका आहे. मास्ट पेशींचे अर्बुद हा कुत्र्यांच्या त्वचेत पुष्कळदा आढळणारा एक कर्करोग. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 साली या पेशींचे वर्णन केले, तेव्हा कणांनी गच्च भरलेले त्यांचे रूप पाहून ‘पोसलेल्या’ अशा अर्थाचे हे नाव त्याने त्यांना दिले. त्या कणांत हिस्टामिनसारखी द्रव्ये असतात. गाठ चोळली, दाबली, की ती बाहेर पडतात. गाठ लाल होते, सुजते आणि काही दिवसांनी पुन्हा ओसरते. ओसरली म्हणून धनी निश्चिंत होतो. कधी ही गाठ मेदार्बुदासारखीच मऊ आणि सरकती असते, आणि अनुभवी पशुवैद्याचीही बोटे तेथे फसतात. गाठ आहे एवढे हाताला कळते. तिची जात हाताला कळत नाही.

ती कळण्याचा मार्ग सोपा आहे. इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून काही पेशी ओढून घ्यावयाच्या आणि काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. बहुधा यासाठी भूलही द्यावी लागत नाही. चरबी असेल तर काचपट्टीवर तेलकट, न सुकणारे थेंब दिसतात. मास्ट पेशी असतील तर रंग दिल्यावर त्यांतील कण उठून दिसतात. वाटाण्याहून मोठी गाठ महिनाभर टिकली, तर ही परीक्षा करवून घ्यावी. सुईने निर्णय न लागल्यास तुकडा काढून तपासावा लागतो.

नाव कळले की उपाय ठरतो. मेदार्बुद बहुधा तसेच ठेवावे. काखेत वाढून चालण्यास अडथळा करू लागले, झपाट्याने वाढले, घट्ट झाले किंवा स्नायूंत शिरले, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. मास्ट पेशींची गाठ मात्र भोवतालच्या निरोगी भागासह काढावी लागते आणि तिची तीव्रता प्रयोगशाळेत ठरते. मादीच्या स्तनातील गाठ लहान असली तरी थांबू नये, कारण अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक निघतात. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे एकदमच गाठी सुजल्या, तर तो लसिका ग्रंथींचा कर्करोग असू शकतो. तेथे महिन्याची वाट पाहणे योग्य नव्हे.

याउलट, भारतातील मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारे जननेंद्रियाचे अर्बुद सर्रास आढळते. ते रक्ताळ आणि भयंकर दिसते, परंतु त्याला बहुधा शस्त्र लावावे लागत नाही. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा असे काही आठवडे शिरेतून दिले की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. आणि हे औषध मिळते ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. निरुपद्रवी भासणारी गाठ घातक असू शकते, आणि भयंकर दिसणारी सहज बरी होऊ शकते, ती अशी.

म्हणून गाठीवर बिब्बा घालणे, डाग देणे, ती पिळून पाहणे, हे सर्व वर्ज्य समजावे. एका वहीत गाठीची जागा, लांबी-रुंदी आणि तारीख लिहून ठेवावी, आणि दर महिन्यास ती पुन्हा मोजावी. सुईने चरबी ठरलेल्या गाठीचाही पुढे आकार किंवा घट्टपणा बदलला, तर तिची परीक्षा पुन्हा करावी. काढलेली प्रत्येक गाठ प्रयोगशाळेत पाठवावी. ती फेकून देणे म्हणजे उत्तर हाती आल्यावर ते न वाचताच फाडणे होय.

मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही, आणि या गाठी तर बहुधा दुखतही नाहीत. त्या प्रथम सापडतात त्या मायेने फिरणाऱ्या हाताला. त्या हाताने रोज शोध घ्यावा. निर्णय मात्र सुईवर आणि सूक्ष्मदर्शकावर सोपवावा.