शिकारीचा हंगाम आणि शेजारची हरणं

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात चितळांच्या आवारापाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर शिकारीच्या तारखांबद्दलचा एक जुना समज डोळ्यांदेखत खोटा ठरतो. एका नराची शिंगं टणक आणि टोकदार असतात, त्याच्या शेजारच्याच्या शिंगांवर अजून मऊ मखमल असते, तिसऱ्याची नुकतीच गळून कपाळावर नुसते खुंट उरलेले असतात. एकच जात, एकच दिवस, आणि तिघे तीन अवस्थांत. चितळाची वीण कमीअधिक प्रमाणात वर्षभर चालते. मग ‘ठरावीक महिन्यांतच शिकार केली, माद्या सोडून नर तेवढे मारले, तर कळपाला धक्का लागत नाही’ हा नियम त्यांना लावायचा तरी कसा?

हा नियम थंड देशांतला आहे आणि तिथे त्याला अर्थ आहे. उत्तर अमेरिकेतलं व्हाइटटेल हरीण दिवस लहान होत गेले की माजावर येतं. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या मध्याला माजाचा भर असतो आणि सुमारे 200 दिवसांनी, मे-जूनमध्ये, पाडसं जन्मतात. सगळ्या कळपाचं घड्याळ एकच असल्याने तारीख ठरवता येते.

पण तिथेही तारखेवरून शेजाऱ्यांत वाद आहेतच. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम 15 नोव्हेंबरला उघडतो, म्हणजे ऐन माजात. माद्यांच्या मागे धावणारे नर तेव्हा सावधपणा विसरतात, दिवसाढवळ्या उघड्यावर येतात, आणि त्यांतले कोवळे, अननुभवी नर सहज बळी पडतात. दक्षिणेला लागून असलेल्या ओहायोत बंदुकीचा मुख्य आठवडा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू होतो. तोवर माजाचा भर ओसरलेला असतो. त्यामुळे ‘ओहायोतले नर थोराड, कारण त्यांचा हंगाम उशिरा’ असं सरसकट म्हटलं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. ओहायोत एका शिकाऱ्याला वर्षाला एकच शिंगाळा नर मारता येतो, आणि मका-सोयाबीनच्या शेतांमुळे तिथल्या हरणांना चाऱ्याची ददात नाही. हंगामाची तारीख हे अनेकांतलं एक कारण आहे.

‘मोठी शिंगं रक्तातच असतात, शेजाऱ्यांनी चांगले नर मारले की आपल्याकडची जात बिघडते’ हाही असाच घाईने काढलेला निष्कर्ष. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. त्यांचा आकार आधी वयावर, मग चाऱ्यावर आणि मग वंशावर ठरतो. पेनसिल्व्हेनियात एकेकाळी दीड वर्षाच्या नरांपैकी 80 टक्क्यांहून अधिक नर दर हंगामात मारले जात. 2002 मध्ये तिथे शिंगांना किमान किती टोकं हवीत याचं बंधन आलं. कोवळे नर वाचू लागले आणि मोठ्या शिंगांचे, वयस्क नर पुन्हा दिसू लागले. जात तीच होती, तिला वाढायला वेळ मिळाला. वंशावर परिणाम होतच नाही असं मात्र नाही. कॅनडातल्या राम माउंटनवरच्या रानमेंढ्यांत सुमारे तीस वर्षं मोठ्या शिंगांचेच नर निवडून मारले गेले, तेव्हा पुढच्या पिढ्यांची शिंगं खुजी होत गेल्याचं 2003 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. पण अशा बदलाला पिढ्या जाव्या लागतात. वयाचा परिणाम चार-पाच हंगामांत दिसतो.

शेजाऱ्याचा हंगाम आपल्याला खरा भोवतो तो वेगळ्याच वाटेने. व्हाइटटेलच्या माद्या साधारण आईच्याच परिसरात राहतात, तर वयात येणारे नर जन्मठिकाण सोडून कित्येक किलोमीटर दूर जातात. सीमा ओलांडतात ते नेमके तेच. इकडे जपलेला नर तिकडच्या गोळीला सापडतो.

आता आपल्याकडे येऊ. ‘1972 पासून भारतात शिकार पूर्ण बंद’ हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलंय की ते कोणी तपासतही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात शिकारीचे परवाने होते आणि बंद काळही होता. खास परवानगीशिवाय मादी, पिल्लू किंवा मखमलीतल्या शिंगांचं हरीण मारता येत नसे, पाणवठ्यावर दबा धरायला मनाई होती, सूर्यास्तानंतर शिकार करता येत नसे. त्याआधी मुंबई राज्याने 1951 मध्ये स्वतःचा वन्यप्राणी संरक्षण कायदा केला होता. परवान्यांची ही सगळी व्यवस्था गेली ती 1991 च्या दुरुस्तीने. आज महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारण्याची परवानगी ठरावीक अटींवर मिळू शकते. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांच्यासाठी मात्र शिकारीचा हंगाम असा उरलेलाच नाही.

कायद्यात नसला, तरी चोरट्या शिकारीला हंगाम असतोच. तो उन्हाळा. सह्याद्रीच्या कडेच्या गावांत शिमग्याच्या सुमारास, शेतीची कामं उरकली की हाका घालून पारधीला जायची चाल होती. उन्हाळ्यात रान विरळ होतं, गवत जळालेलं असतं, पाणवठे मोजकेच उरतात, म्हणून सावज सापडतं. ‘पिल्लं पावसाळ्यात होतात, तेव्हा उन्हाळ्यातल्या पारधीने कळपाचं काही बिघडत नाही’ हे समर्थन मला सगळ्यात घातक वाटतं. सांबराचा माज नोव्हेंबर-डिसेंबरात असतो आणि गर्भ सुमारे आठ महिने वाढतो. म्हणजे भीमाशंकरच्या जंगलात एप्रिल-मे महिन्यात पाण्यावर उतरणारी सांबर मादी दिवस भरत आलेली गाभण असण्याचीच शक्यता जास्त. ती जड झालेली असते, तिला पाणी जास्त लागतं, पळणं जमत नाही. वाघरीत किंवा फासात तीच आधी अडकते. त्याच सुमारास नरांची शिंगं गळत असतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला नर-मादी ओळखणंही अवघड होतं. ‘आम्ही नरच मारतो’ या म्हणण्याला उन्हाळ्यात काडीचाही आधार उरत नाही.

पुण्याच्या पूर्वेला, माळरानावर, गणित पुन्हा बदलतं. चिंकारा आणि काळवीट यांना आपण हरणंच म्हणतो, पण ते कुरंग कुळातले. त्यांची शिंगं कधी गळत नाहीत. चिंकाऱ्याच्या विणीचे दोन काळ दिसतात, एक उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळा सरताना. त्यामुळे बंद काळ ठेवायचाच म्हटलं, तर वर्षातला मोठा भाग बंदच ठेवावा लागेल.

‘अभयारण्य आहे ना, मग हरणं सुरक्षित’ असं पुण्यात बसून वाटतं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा ती हद्द मानत नाही. तो सुपे-मोरगावकडच्या पडीक रानांत आणि ज्वारीच्या कडेने चरतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं काळविटांचं रेहेकुरी तर त्याच्याही निम्म्याहून लहान, 2.17 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत कळप वाढला की जास्तीचे प्राणी बाहेर पडणारच. बाहेर फास असतील, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतील, कठडा नसलेल्या विहिरी असतील, तर आत कितीही चोख राखण ठेवा, आतली वाढ बाहेर जिरत राहते. शेजारच्या गावाचा हंगाम अभयारण्याला भोगावा लागतो तो असा. म्हणून भोवतालचे गायरान आणि माळ ‘पडीक’ समजून प्लॉटिंगला किंवा सरसकट झाडं लावायला देणं मला अभयारण्याचाच लचका तोडण्यासारखं वाटतं. चिंकाऱ्याला जंगल नको, उघडा माळ हवा.

याच माळावर भल्या माणसांच्या हातून घडणारी एक चूकही थांबवण्यासारखी आहे. गवतात एकटं, निपचित बसलेलं पाडस दिसलं की लोक ‘आईने टाकलं’ म्हणून उचलून घरी नेतात, गाईचं दूध पाजतात. बहुतेक वेळा ते टाकलेलं नसतंच. पहिले काही दिवस मादी पाडसाला गवतात दडवून लांब चरते आणि फक्त पाजायला येते, म्हणजे लांडग्या-कोल्ह्यांचं लक्ष त्याच्याकडे जात नाही. पाडसही हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव. माणूस जवळ घुटमळत राहिला तर ती परतत नाही. म्हणून पाडसाला हात न लावता लांब व्हावं, सोबतचं कुत्रं बांधून ठेवावं, आणि पाडस जखमी असेल किंवा जवळपास फास दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर जागेची खूण सांगून कळवावं.